पाकिटावर एवढे लिहा : जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे सुटे भाग नव्याने बनवणारे, बनवून घेणारे आणि विकणारे सर्व यांस,

स.न.वि.वि.

तुम्ही भाग बनवले नसते तर आमच्या गाड्या कधीच भंगारात गेल्या असत्या, हे आधी मोकळेपणाने सांगतो. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचेच घ्या. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर एमजीबी बनल्या. ज्या कारखान्यात त्या जोडल्या जात तो बंद होऊन चार दशके उलटली. तरीही एखादा हौशी माणूस आज घरच्या शेडमध्ये ही गाडी पार सांगाड्यापर्यंत उघडून पुन्हा रस्त्यावर आणू शकतो, ते तुमच्यामुळे. म्हणून हे पत्र रागाने नाही, हक्काने लिहीत आहोत.

आमचे म्हणणे एकच आहे. ‘मूळ भागासारखाच’ असे छापून जे विकले जाते ते दिसायला मूळ भागासारखे असते. पण ते कशाचे बनवले, किती कठीण आहे, माप कशावरून घेतले आणि ते कोणत्या लॉटमधले आहे, यातले काहीच पाकिटावर नसते. गाडी घरी उभी करणाऱ्याकडे प्रयोगशाळा नसते. त्याच्याकडे असतो एक व्हर्निअर, फीलर गेज, मल्टिमीटर आणि शनिवार-रविवार. एवढ्यावर तो जे तपासू शकतो ते तपासतोच. जे तपासता येत नाही ते तुम्ही लिहून द्या.

टॅपेटपासून, म्हणजे कॅमची हालचाल वाल्व्हकडे पोचवणाऱ्या छोट्या दंडगोलापासून, सुरुवात करतो, कारण तिथे एक भाग फसला तर अख्खे इंजिन जाते.

एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनात, आणि त्या काळच्या बहुतेक स्पोर्ट्स गाड्यांत, कॅमशाफ्टची लोब (शाफ्टवरचा उंचवटा) टॅपेटच्या तळावर थेट घासते. मध्ये रोलर नसतो. या टॅपेटला सपाट तळाचा म्हणतात, पण चांगल्या टॅपेटचा तळ सहसा अगदी सपाट नसतो. मधोमध तो ०.०५ मिमीच्या आसपास फुगीर घासलेला असतो आणि लोबलाही अगदी थोडा उतार दिलेला असतो. त्यामुळे इंजिन चालू असताना टॅपेट स्वतःभोवती हळूहळू फिरत राहतो आणि एकाच जागी घासला जात नाही. हे फिरणे थांबले की आधी तळावर रेघ उमटते, मग खळगा पडतो, मग लोबचे टोक बोथट होते. निघालेला कीस ऑइलच्या पंपातून जातो, आणि थंड इंजिनात फिल्टरचा बायपास उघडला की न गाळताच क्रँकच्या बेअरिंगांत पोचतो.

वरून याची पहिली खूण दिसते ती वाल्व्हच्या गॅपमध्ये. ०.३८ मिमीला लावलेला गॅप थोड्याच अंतरानंतर एकाच वाल्व्हवर मोठा सापडतो. पुन्हा लावला तरी पुन्हा वाढतो. असे झाले की गॅप लावत बसण्यात अर्थ नाही. पुशरॉडच्या टोकावर डायल गेज बसवून आठही लोबची उचल मोजावी. एखादी लोब बाकीच्यांपेक्षा कमी उचलत असेल तर कॅम आणि टॅपेट दोन्ही बदलायचे, सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून धुवायचा आणि बेअरिंगही काढून पाहायची.

बसवण्याआधी घरी दोन तपासण्या करता येतात. दोन नवे टॅपेट तळाला तळ लावून उजेडासमोर धरायचे. कडेने केसाएवढी फट दिसली आणि बोटांत ते किंचित डुलले, तर फुगीरपणा आहे. दोन्ही गच्च चिकटून बसले तर तळ सपाट आहे किंवा उलट खोलगट आहे. दुसरी तपासणी कानशीची. नवी बारीक कानस तळाच्या अगदी कडेवरून हलके फिरवली की ती घसरायला हवी. कानस चावली तर धातू मऊ आहे. या तपासण्या आठच्या आठ टॅपेटांवर कराव्या लागतात, कारण एका पाकिटात दोन वेगवेगळ्या लॉटचे टॅपेट सापडू शकतात, आणि हे बाहेरून ओळखायला पाकिटावर काहीच नसते.

पण कानस फक्त मऊ आहे की कठीण एवढेच सांगते. किती कठीण आणि किती खोलीपर्यंत, हे सांगत नाही. पृष्ठभागावर पातळ कठीण थर आणि खाली मऊ लोखंड असेल तर कानस घसरेल आणि इंजिन तरी जाईल. म्हणून टॅपेटच्या पाकिटावर धातूचा प्रकार, रॉकवेल सी मापावरची कठीणता आणि तो कोणत्या धातूच्या कॅमवर चालवायचा, या तीन गोष्टी हव्यातच. ओतताना तळ थंड साच्यावर गोठवून कठीण केलेल्या चांगल्या टॅपेटमध्ये ही कठीणता ५५ च्या आसपास किंवा वर असते. तुमची तेवढी असेल तर छापायला हरकत काय?

सोबत एक चिठ्ठीही टाका, कारण नव्या कॅमची पहिली वीस मिनिटेच त्याचे आयुष्य ठरवतात. लोब आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची पेस्ट लावायची, टॅपेटच्या बाजूंना फक्त ऑइल. स्पार्क प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवायचे, गेजवर ऑइलचा दाब दिसेपर्यंत. टायमिंग आधीच बरोबर लावलेले आणि कार्ब्युरेटरचे फ्लोट चेंबर पेट्रोलने भरलेले हवे, म्हणजे इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होते आणि स्टार्टरवर फिरत राहून पेस्ट पुसली जात नाही. सुरू झाले की आयडलवर सोडायचे नाही. लगेच २००० आरपीएमच्या वर न्यायचे आणि २००० ते २५०० च्या दरम्यान कमी-जास्त करत वीस मिनिटे ठेवायचे. आयडलला लोबच्या टोकावर स्प्रिंगचा सगळा भार येतो आणि क्रँकवरून उडणारे ऑइल कॅमपर्यंत पुरेसे पोचत नाही. ऑइलमध्ये झिंक हजार पीपीएमच्या वर असावे. हल्लीच्या गाड्यांसाठीच्या बहुतेक ऑइलमध्ये ते कमी असते, कारण त्यातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो. वीस मिनिटांनी ऑइल आणि फिल्टर बदलायचे, आणि जुना फिल्टर कापून घडी उलगडून पाहायची. पहिल्या खेपेला राखाडी पेस्ट दिसणारच. चमचमणारे कण दिसले तर मात्र थांबायचे. एवढे सगळे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावते. तो कागद पाकिटात नसतो, आणि मग टॅपेट खराब होता की बसवणाऱ्याचे चुकले, हा वाद कधीच सुटत नाही.

आता इग्निशन. इथे भाग लहान असतात, पण गाडी भर रस्त्यात थांबते.

प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या रोटरवर पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते. प्लास्टिकखाली, शाफ्टला पकडणारी लोखंडी क्लिप असते. रिव्हेट लांब असेल तर तिचे टोक आणि क्लिप यांच्यामध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्राच उरतो, आणि कॉइलचे हजारो व्होल्ट प्लगकडे जाण्याऐवजी तो पापुद्रा भेदून शाफ्टला जातात. काळ्या प्लास्टिकमध्ये रंगासाठी कार्बन जास्त घातला असेल तर ते आणखी लवकर होते. रोटर बाहेरून कोरा दिसतो. गाडी थंड असताना चालते, गरम झाली की बंद पडते. माणूस मग पेट्रोल पंप बदलतो, कार्ब्युरेटर उघडतो, आणि दोष मात्र रोटरमध्येच राहतो. तपासायचा मार्ग असा : रोटर जागेवर ठेवून कॅप काढा, कॉइलची मधली वायर इन्सुलेटेड पक्कडीने पितळी पट्टीपासून तीनेक मिमीवर धरा आणि इंजिन फिरवायला सांगा. पट्टीवर एकामागून एक ठळक ठिणग्या पडत राहिल्या तर करंट रोटरमधून खाली जातो आहे. रिव्हेट नसलेले, लाल प्लास्टिकचे रोटर बाजारात आले ते यासाठीच. जे रिव्हेटचे बनवतात त्यांनी रिव्हेटखाली किती जाडीचे प्लास्टिक आहे आणि ते किती व्होल्टला तपासले आहे, हे लिहावे.

कंडेन्सरचेही तसेच. मल्टिमीटरवर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास आकडा आला की तो चांगला वाटतो. पण दोष बहुधा उष्णतेत निघतो. डबीच्या आत गुंडाळीला वायर डाखलेली नसून नुसत्या स्प्रिंगच्या दाबाने टेकलेली असेल, तर हादऱ्याने आणि उष्णतेने तो संपर्क सुटतो. मग पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारे संपर्क) निळे पडतात आणि जळतात. इंजिन तापल्यावर कंडेन्सर लगेच काढून, गरम असतानाच मोजावा. थंडपणी मोजून काही कळत नाही. पाकिटावर हवे ते तापमान : किती अंशांपर्यंत तो आकडा टिकतो.

रबराबद्दल आमच्यातले बहुतेक जण सर्वात जास्त वैतागलेले आहेत. स्टिअरिंग रॅकचे बूट, बॉल जॉइंटची टोपणे, सस्पेन्शनचे बुश. मूळ भाग वीस-वीस वर्षे टिकले, आणि आज बसवलेला बूट पुढच्या पावसाळ्यापर्यंत प्रत्येक घडीवर फाटतो. रबर म्हणजे एकच वस्तू नाही. बुशला लागते नैसर्गिक रबर, कारण सतत पिळ सोसण्यात त्याचा हात दुसरे कोणी धरत नाही. पण हवेतल्या ओझोनने ते चिरते, म्हणून त्यात ओझोनरोधक घालावा लागतो. बाहेर उघड्यावर असणाऱ्या बुटाला निओप्रीन बरे. पेट्रोल आणि ऑइलला नायट्राइल. ब्रेकच्या सीलला ईपीडीएम, आणि त्या सीलला खनिज तेलाचा किंवा पेट्रोलचा हात लागला तरी ते फुगते. मास्टर सिलिंडर पेट्रोलने धुऊन नवे सील बसवले तर ब्रेक अडकून राहतात ते त्यामुळेच. धुवायचे ते ब्रेक ऑइलने किंवा ब्रेक क्लीनरने. काळ्या रंगाकडे पाहून यातले काही ओळखता येत नाही. पाकिटावर ‘रबर बुश’ एवढेच लिहिणे म्हणजे औषधाच्या बाटलीवर ‘गोळ्या’ एवढेच लिहिण्यासारखे आहे. रबराचा प्रकार, शोअर ए मापावरची कठीणता आणि बनवल्याचा महिना-वर्ष : रबराला एवढे पुरे आहे. तारीख विशेष महत्त्वाची, कारण रबर कपाटात पडूनही म्हातारे होते.

बुशच्या बाबतीत चिठ्ठी हवी तीही एका कारणाने. गाडी स्टँडवर, चाके लोंबकळत असताना बुशचे बोल्ट पूर्ण आवळले तर रबर त्या स्थितीत पकडले जाते. गाडी खाली घेतली की सस्पेन्शन वर येते आणि रबर कायमचे पिळलेले राहते. उत्तम बुशसुद्धा असा फार काळ टिकत नाही. बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून-मागून दाबून बसू द्यायची आणि मगच शेवटचे आवळायचे. हे दोन ओळींत लिहिता येते.

पेट्रोलच्या पाइपचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण इथे आग लागते. पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुन्या नायट्राइल पाइपातला मऊपणा निघून जातो, आतून थर सुटतो आणि त्याचे काळे कण फ्लोटच्या नीडल वाल्व्हमध्ये अडकतात. कार्ब्युरेटर ओसंडू लागतो, आणि खालीच तापलेला एक्झॉस्ट असतो. एसएई जे३० आर९ दर्जाच्या पाइपात आतून फ्लुओरो रबराचा थर असतो, तो इथेनॉलला टिकतो. पण आर९ असा शिक्का मारलेल्या पाइपांनाही लवकर तडे गेल्याचे प्रकार घडले आहेत. आम्ही दर वर्षी पाइप काढून घट्ट वाकवून पाहतो. बाहेरच्या बाजूला बारीक चिरा दिसल्या की तो बाद. शिक्का मारणाऱ्याने लॉट नंबर आणि वर्षही पाइपावर, दर हातभर अंतराने, छापले तर खोट्या मालाला बराच आळा बसेल. आणि पाइपाबरोबर पंपाचा डायफ्रॅम, नीडल वाल्व्हचे टोक, जेटच्या सीलही इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत का, ते लिहा. साखळीतला एक भाग जुन्या रबराचा राहिला तरी कचरा तिथून सुरू होतो.

पत्र्याकडे वळतो. ज्या गाडीला वेगळी चासी नसते तिच्यात दाराखालची सिल हाच कणा असतो. उघड्या एमजीबीत तर छतही नाही, म्हणून सगळा भार सिलवर. ही सिल एक पत्रा नसून बाहेरची सिल, मधला उभा पडदा, आतली सिल आणि खालची कॅसल रेल असा जोड असतो. बाहेरची सिल पुढे फेंडरच्या मागे आणि मागे मागच्या पंखाखाली (मागच्या चाकावरच्या पत्र्याखाली) जाते. म्हणून ती नीट बदलायची तर पुढचा फेंडर उतरवावा लागतो आणि मागच्या पंखाचा खालचा तुकडा कापावा लागतो. हा त्रास वाचवण्यासाठी फक्त दिसणारा भाग झाकणारी ‘कव्हर सिल’ विकली जाते. ती गंजलेल्या सिलवर वेल्ड केली जाते, आत ओल कोंडते, आणि वरून रंग चकचकीत असताना आतला पडदा पीठ होऊन जातो. दाराचा वरचा कोपरा मागच्या पंखाला घासायला लागला की समजावे, गाडी मधून वाकते आहे. अशी कव्हर सिल बनवणाऱ्यांना आमची स्पष्ट विनंती : ती बनवू नका. बनवायचीच असेल तर तिच्यावर ठळक लिहा, की हा भार घेणारा भाग नाही.

पूर्ण सिल बनवणाऱ्यांकडे मागणी वेगळी आहे. पत्र्याची जाडी लिहा. मूळ पत्रा ०.९ मिमीचा आणि तुमचा ०.७ चा असेल तर मजबुती जातेच, शिवाय वेल्डिंग करताना भोकेही पडतात. कडेची घडी मूळ रुंदीची ठेवा. घडी दोन मिमी कमी केली की स्पॉट वेल्डला जागाच उरत नाही. आणि काळ्या थराबद्दल खरे सांगा. काही पॅनलवरचा काळा थर म्हणजे खरा, विजेने चढवलेला प्रायमर असतो. काहींवर तो फक्त वाहतुकीत गंज चढू नये म्हणून मारलेला असतो, आणि त्यावर रंग दिला तर वर्षभरात पापुद्रे निघतात. थिनरने भिजवलेले फडके थरावर काही मिनिटे ठेवून चोळले आणि काळे फडक्यावर उतरले, तर तो थर पार काढावा लागतो. ‘थर काढा’ किंवा ‘थर ठेवा’, दोन शब्दांचा स्टिकर पुरे. जस्त चढवलेला पत्रा असेल तर तेही लिहा : वेल्डच्या दोन्ही बाजूंचे इंचभर जस्त घासून काढायचे असते, कारण त्याचा धूर छातीला घातक आहे.

पॅनल नीट बसत नाही अशी तक्रार तुमच्याकडे रोज येत असेल. त्यातल्या काही तक्रारी सिलच्या नसतात, क्रमाच्या असतात. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा नळ वेल्ड करून चौकट बांधायची, दोन्ही कर्णांची मापे लिहून ठेवायची, एका वेळी एकच बाजू उघडायची. नवी सिल आधी क्लॅम्पने धरायची, दार टांगायचे, फेंडर लावायचा, फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आल्या की मगच वेल्ड. ०.६ मिमीची वायर, पाच-सहा मिमीची भोके पाडून प्लग वेल्ड, आणि एका जागी सलग न करता उड्या मारत, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. सिल बसवून, रंग लावून मग दार लावायला गेलेल्या माणसाला जगातली कोणतीच सिल बरोबर बसणार नाही. हा क्रम चित्रासह पॅनलच्या खोक्यात टाका, परत येणारा माल कमी होईल.

ब्रेकबद्दल थोडक्यातच, पण हे सर्वात आधी दुरुस्त व्हायला हवे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत ब्रेकच्या नळीचा नट ३/८ इंच यूएनएफ आट्यांचा असतो, दर इंचाला २४ आटे. नव्या भागांत बऱ्याचदा मेट्रिक एम१०×१ असतो. एक ९.५ मिमीचा, दुसरा १० मिमीचा, आणि आट्यांचे अंतरही जवळपास सारखे. यूएनएफ नट एम१०च्या भोकात सहज जातो, फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो. पण आटे नुसते टोकांवर धरलेले असतात. जोरात ब्रेक दाबला की नट सुटून बाहेर येऊ शकतो. होज, टी-जोड, कॅलिपर, व्हील सिलिंडर : ज्या कशाला आटे आहेत त्या प्रत्येकावर ते आटे कोणते हे धातूवरच कोरा. पाकीट फाडून फेकले जाते, धातू राहतो.

मीटरबाबतही अशीच एक छोटी नोंद जीव वाचवते, निदान सिलिंडर हेडचा. त्या काळच्या अनेक गाड्यांत पेट्रोल आणि तापमानाचे काटे १० व्होल्टच्या स्टॅबिलायझरवर चालतात. नवे स्टॅबिलायझर इलेक्ट्रॉनिक असतात आणि त्यांना बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे याचा फरक पडतो. एमजीबीत १९६७ पर्यंत धन टोक बॉडीला होते, नंतर ऋण. उलटा लावला की तो जातो. तापमानाच्या सेंडरचा (इंजिनात बसवलेल्या सेन्सरचा) रेझिस्टन्स मूळ काट्याशी जुळत नसेल तर इंजिन उकळत असताना काटा मधोमध राहतो. सेंडरच्या पाकिटावर तीन तापमानांचे तीन रेझिस्टन्स छापा. किटलीत गरम पाणी, थर्मामीटर आणि मल्टिमीटर घेऊन आम्ही ते बसवण्याआधी ताडून पाहू.

क्रोमवर फार बोलत नाही : वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, गंज अडवतो तो त्याखालचा निकेल. निकेल किती मायक्रॉन आहे ते लिहा. बाहेरच्या बंपरला ते वीस-तीसच्या खाली असेल तर बंपर घरात ठेवण्यापुरताच आहे.

हे दोष कुठून येतात, हेही आम्हाला थोडेफार कळते. मूळ ड्रॉइंग मिळत नाही, म्हणून जुना भाग समोर ठेवून नक्कल केली जाते. जुना भाग झिजलेला असतो, आणि झीजही नकलेत उतरते. ओतीव भागात तर आणखी एक गोष्ट घडते. करडे ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसते. जुनाच मॅनिफोल्ड साचा म्हणून वापरला तर ४०० मिमी लांबीत नवा ४ मिमी आखूड येतो, आणि टोकाचे पोर्ट हेडच्या पोर्टशी जुळत नाहीत. पुढे कोणी तुमच्या नकलेची नक्कल केली की आणखी ४ मिमी. म्हणून माप ड्रॉइंगवरून घेतले, न वापरलेल्या जुन्या साठ्यातल्या भागावरून, की वापरलेल्या भागावरून, एवढे प्रामाणिकपणे सांगा. वापरलेल्या भागावरून घेतले असेल तर आम्ही तो भाग टाकून देणार नाही, फक्त बसवण्याआधी जास्त मोजू.

नीट काम करता येते हे दाखवणारी उदाहरणे आहेत. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ मध्ये एमजीबीचा अख्खा सांगाडा मूळ साच्यांवर पुन्हा बनवायला घेतला. मझदाने २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ साठी जीर्णोद्धाराची योजना जाहीर केली आणि छत, टायर असे बंद झालेले भाग पुन्हा काढले. टोयोटाने २०२० मध्ये जुन्या सुप्रासाठी तेच केले. पोर्शे क्लासिकने २०१८ मध्ये ९५९ च्या क्लचचा रिलीज लिव्हर लेझरने धातूची भुकटी वितळवून छापला. तो विकण्याआधी जवळजवळ तीन टनांच्या भाराखाली तपासला आणि आतल्या दोषांसाठी टोमोग्राफी (न कापता आतले थर दाखवणारी तपासणी) केली, आणि हे सगळे जाहीरही केले. लहान कारखान्याने टोमोग्राफी करावी असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक लॉटमधला एक टॅपेट कापून कठीणता मोजणे मात्र कोणत्याही कारखान्याला जमते.

किंमत वाढेल, हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. वाढू द्या. टॅपेटचा संच दुप्पट महाग झाला तरी तो इंजिन पुन्हा उघडण्यापेक्षा स्वस्तच पडतो, आणि दुसऱ्यांदा लागणाऱ्या गॅस्केट, बेअरिंग, ऑइल आणि वेळेचा हिशेब आम्ही मांडू शकतो. आज अडचण अशी आहे, की महाग पाकीट आणि स्वस्त पाकीट यांत एकाच कारखान्याचा एकच भाग असू शकतो, आणि जास्त पैसे देऊनही जास्त काही मिळाले का हे कळत नाही. माहिती छापली की चांगले काम करणाऱ्यालाच फायदा होईल.

आमच्याकडून काय मिळेल तेही सांगतो. फसलेला भाग परत पाठवताना नुसते ‘खराब निघाला’ असे आम्ही लिहिणार नाही. सोबत लॉट नंबर, बसवल्याची तारीख, किती किलोमीटर चालला, कोणते ऑइल किंवा पेट्रोल, किती टॉर्कला आवळला, आणि जोडीच्या भागाचा फोटो पाठवू. टॅपेट असेल तर त्याबरोबर ती लोबही. भाग पुसून, घासून पाठवणार नाही, कारण त्यावरची झीजच तुम्हाला कारण सांगेल. बदल्यात तो कापून पाहा आणि काय सापडले ते उघड सांगा, दोष आमच्या बसवण्यात निघाला तरी. लॉट वाईट निघाला तर त्याचा नंबर जाहीर करा, म्हणजे ज्यांनी तो अजून बसवलेला नाही ते थांबतील. आणि एखादा भाग बनवणे बंद करणार असाल तर त्याचे ड्रॉइंग मालकांच्या क्लबांना देऊन जा.

सगळे भाग एकदम शक्य नाहीत, हे मान्य आहे. पुढच्या लॉटपासून तीनच घ्या : टॅपेटवर कठीणता, पेट्रोलच्या पाइपावर रबर आणि वर्ष, ब्रेकच्या प्रत्येक जोडावर आटे. बाकीच्यांची यादी त्यानंतर बसून ठरवू.

आपले,
जुन्या स्पोर्ट्स गाड्या स्वतःच्या हातांनी उभ्या करणारे हौशी